बाण बंद केल्यावर

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये मी किती गुहा धुंडाळल्या याची मोजदाद नाही, पण त्यातल्या एकीचाही रस्ता आज मला सांगता येणार नाही. रस्ता मी बघितलाच नव्हता. नजर सगळा वेळ वरच्या होकायंत्राच्या पट्टीवर. कुठे जायचं ते दाखवणारी तिच्यातली बाणाची खूण मधोमध राहिली की झालं. आड डोंगर आला तर घोडा सरळ कड्यावर घालायचा. (आणि तो चढतो! त्या घोड्याला माझा दंडवत.)

एकदा ठरवलं, खुणेचा बाण बंद. तो बंद करता येतो, पण मग लक्षात आलं की तिथली माणसं धड पत्ताच सांगत नाहीत. नकाशावर खूण करून देतो म्हणतात आणि मोकळे होतात. बाण असणारच, हे धरूनच त्यांचं बोलणं लिहिलेलं. मग मी मुकाट्याने तो परत लावला.

याच मालिकेतला २००२ चा मोरोविंड मात्र पत्ते सांगतो. बाल्मोरा गावातून बाहेर पड, मूनमॉथ किल्ला मागे टाक, पुढे जुना पूल लागेल, पलीकडे ड्वेमर या लुप्त जमातीचे अवशेष. हे सगळं रोजनिशीत उतरतं, आणि आपण पानं उलटत, पाट्या वाचत जायचं. अवशेषांचं दार पाइपवरची चक्री फिरवल्याशिवाय उघडत नाही. तेही सांगितलेलं असतं. मी वाचलं नव्हतं. अर्धा तास दारावर धडका मारल्या. तो पूल, ती चक्री, आजूबाजूची राखाडी माती अजून डोळ्यांसमोर आहे. चारच वर्षांनी मालिकेतल्या पुढच्या ऑब्लिव्हियनमध्ये बाण आला आणि तेव्हापासून हरवणं जवळपास बंदच झालं.

एल्डन रिंग या गेममध्येही ग्रेसच्या, म्हणजे विसावा घ्यायच्या, ठिकाणाहून सोनेरी किरण निघतो, पण तो नुसती दिशा दाखवतो. मधली दरी आपली आपण बघायची. मला जास्त आवडलं ते ब्रेथ ऑफ द वाइल्ड. मनोऱ्यावर चढलं की नकाशा उलगडतो, पण त्यावर चिन्हांचा सडा पडत नाही. दुर्बिणीतून जे खुणावेल त्यावर आपणच पिन ठोकायची.

काल बऱ्याच दिवसांनी तो गेम उघडला. दूरच्या एका डोंगरावर माझीच पिन दिसली. तिथे मी काय पाहिलं होतं, काही केल्या आठवेना. घोडा काढलाय.