टेबलावरचा हात

"आई, ह्यांनी टेबल का धरलंय? पडतील व्हय?"

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये (राजवाड्यातल्या संग्रहालयात) एका जुन्या सरदारांच्या तैलचित्रासमोर एक पोरगं बोललं. आई "गप की रं" म्हणत पुढं गेली. मी तिथंच अडकलो.

खांब, पडदा, टेबलावर हात, ही सगळी विलायती मांडणी. त्यात १८४० च्या सुमारास हिंदुस्थानात कॅमेरा आला. फोटोला काही सेकंद हलायचं नाही, म्हणून टेकू हवाच. पुढं असे फोटो बघून चित्रं रंगवणारेही झाले.

जवळून बघितलं तर गळ्यातला एकेक मोती म्हणजे करड्यावर जाड पांढऱ्याचा ठिपका. दोन पावलं मागं सरलं की चमकतो. चेहरा मात्र गुळगुळीत, एक सुरकुती नाही. (पैसे देणाऱ्याचं चित्र, दुसरं काय होणार!)

रुबाब सगळा मोत्यांत आणि तलवारीच्या मुठीत. डोळ्यांत मला तर नुसता कंटाळा दिसला. तुम्हाला?