जेटलायनर घेऊन उजळाईवाडीला उतरणार असाल तर

आधी निकाल सांगतो. संगणकावरच्या विमान सिम्युलेटरमध्ये ॲव्ह्रो कॅनडाचं जुनं प्रवासी विमान सी-102 जेटलायनर उडवायची हौस असेल तर कोल्हापूरहून मुंबईला जा. मुंबईहून येऊन उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, उतरायचं असेल तर हे पूर्ण वाचा, मगच थ्रॉटलला (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला) हात लावा. काल रात्री चाकं टेकली आणि तसाच लिहायला बसलोय. मनगट अजून ठणकतंय, पण मन भरलंय.

मोफत मिळणाऱ्या मॉडेलसोबतच्या माहितीत हे विमान नवख्यांनाही सहज जमेल असं म्हटलंय. साफ खोटं आहे. वर गेल्यावर ते शांत आहे हे खरं, पण उतरताना ज्याचा हात बसलेला नाही त्यानं याच्या वाटेला जाऊ नये. जॉयस्टिक, पेडल आणि वेगळा थ्रॉटल तुमच्याकडे आहे आणि दोन इंजिनांचं विमान तुम्ही नीट उतरवता, असं धरूनच पुढचं सांगतोय.

ज्यांना हे विमान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटिशांचं कॉमेट 27 जुलै 1949 ला उडालं आणि हे कॅनडात 10 ऑगस्टला. म्हणजे जगातलं दुसरं जेट प्रवासी विमान व्हायचा मान दोन आठवड्यांनी याच्याकडे आला. 18 एप्रिल 1950 ला यानं टोरांटोची टपाल तासाच्या आत न्यूयॉर्कला पोचवली. विमानांचा शौकीन अमेरिकी उद्योगपती हॉवर्ड ह्यूजनंही ते मागवून उडवून पाहिलं. पण कोरियाचं युद्ध सुरू झालं, कॅनडा सरकारला लढाऊ विमानं हवी होती आणि हे काम थांबवायला सांगितलं गेलं. उडालं ते एकच, आणि 1956 मध्ये तेही तोडलं. नाकाचा भाग तेवढा ओटावाच्या संग्रहालयात शिल्लक आहे. असलं विमान भंगारात घातलं याचा मला खरोखर राग येतो, आणि म्हणूनच ते आपल्या गावात उतरवायचं होतं.

मुंबई सोडल्यापासून महाबळेश्वरपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. 22 हजार फुटांच्या वर जाऊ नका, अंतर जेमतेम 310 किलोमीटर आहे. महाबळेश्वर डावीकडे मागे पडून शिवसागरचं (कोयना धरणाचं) पाणी खाली दिसायला लागलं की लगेच उतरायला सुरुवात करा. तिथून कोल्हापूर साधारण 130 किलोमीटर राहतं आणि तेवढं लागतंच. आणखी थोडं पुढे जाऊ म्हणालात तर जोतिबाच्या डोंगरावर पोचाल तेव्हा उंचीही जास्त असेल आणि वेगही.

खरा त्रास इथून पुढे. याला रोल्स-रॉइसची चार डरवेंट इंजिनं आहेत, जेट युगाच्या अगदी सुरुवातीची. थ्रॉटल पूर्ण मागे घेतलात तर पुन्हा ताकद यायला या मॉडेलमध्ये आठ-दहा सेकंद जातात. तेवढ्या वेळात विमान खाली बसत राहतं आणि धावपट्टी तुमच्या नजरेत वर वर सरकायला लागते. थ्रॉटल एकदम पुढे ढकललात तर आणखी वाईट, इंजिन विझतं. मला हातकणंगल्याच्या अलीकडे हा धडा लई महागात मिळाला.

यावर उपाय एकच, ताकद कमी करायची नाही, हवेचा अडथळा वाढवायचा. चाकं लवकर सोडा, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) लवकर सोडा आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा निम्म्याच्या खाली येऊच देऊ नका. चाकं लवकर सोडायला दुसरंही कारण आहे. खऱ्या विमानाची मुख्य चाकं दुसऱ्याच उड्डाणात, 16 ऑगस्ट 1949 ला, बाहेर आली नाहीत आणि ते पोटावर उतरवावं लागलं. मॉडेलमध्ये बिघाडांचा पर्याय चालू ठेवला असेल तर असलं काही शेवटच्या मैलात कळून उपयोग नाही.

महिना कुठला निवडता याला फार महत्त्व आहे. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून साधारण 2000 फूट उंच आहे. एप्रिलमधल्या दुपारी पारा 38 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला ती सव्वापाच हजार फुटांवरची वाटते. काट्यावर वेग तोच दिसतो, पण जमिनीवरून तुम्ही आठेक टक्के जास्त वेगानं पळत असता आणि थांबायला सतराएक टक्के जागा जास्त लागते. उलटा झोत देऊन थांबवायची सोय या विमानात नाही. सगळा भार ब्रेकवर.

आणि जागा किती? मी पैसे मोजून घेतलेल्या कोल्हापूरच्या सीनरीत (सिममध्ये वेगळा घालायच्या विमानतळाच्या देखाव्यात) धावपट्टी जुनीच आहे, 1370 मीटरची! खरी धावपट्टी वाढवली त्याला आता काळ लोटला. जाहिरातीत मात्र ‘अद्ययावत’ लिहिलंय. इमारती देखण्या आहेत, पण इमारतींवर विमान उतरत नाही. असल्या सीनरीला एक रुपयासुद्धा देऊ नका. आधी विकणाऱ्याला धावपट्टीची लांबी विचारा, उत्तर आलं नाही तर सोडून द्या.

जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा असतो, म्हणून धावपट्टी 25 घ्या, म्हणजे पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरा. शहर आणि विमानतळ उजव्या हाताला ठेवून पूर्वेला जा, हातकणंगल्याच्या अलीकडे उजवीकडे वळा, पट्टणकोडोलीच्या बाजूनं सरळ आत या. समोरून वारा मिळाला की जमिनीवरचा वेग लगेच उतरतो. मी शेवटी असाच उतरलो, पट्टी संपायच्या आत थांबलो आणि खुर्चीतून उठून ओरडलो. नाद खुळा विमान आहे!

मात्र पन्हाळा-जोतिबावर ढग टेकलेले असतील तर नको, डोंगर दिसतच नाही. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सिममधली वेळ सकाळी सातची ठेवा. संध्याकाळी 25 वर येऊ नका, सूर्य थेट डोळ्यांत असतो. धावपट्टी 07, म्हणजे तीच पट्टी उलट दिशेनं, पश्चिमेकडून, रंकाळा डावीकडे ठेवून घेता येते, पण पाठीमागून वारा असेल तर ती या विमानासाठी नाहीच.

इंधन मुंबईहून भरपूर घेऊ नका, जड विमान इथे थांबत नाही. पण एकदा परत फिरून पुन्हा यायला पुरेल एवढं ठेवा. ही इंजिनं कमी उंचीवर इंधन फार पितात, आणि पहिल्याच खेपेला उतराल असं धरून चालू नका.