पाटी नुसती बघू नका, मोजा

ग्राफिक डिझायनरला प्रेरणा कुठून मिळते असं विचारलं की आधी पिंटरेस्ट आणि बिहान्स या वेबसाइटची नावं येतात. दोन्ही वापरावीत. पण तिथे देवनागरी कमी, आणि आहे त्यातली बरीचशी एकमेकांकडे बघून केलेली. मराठी अक्षरांत काम करणाऱ्याचा साठा रस्त्यावर आहे: एसटीच्या पाट्या, पिठाच्या गिरणीचे बोर्ड, टेम्पोची मागची फळी, वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान. मात्र नुसते फोटो काढून फोल्डर फुगवला तर हाती काही लागत नाही. मोजलं तर लागतं.

एसटीच्या दर्शनी काचेमागची हाताने रंगवलेली पत्र्याची पाटीच घ्या. पाटीची रुंदी ठरलेली, गावाचं नाव मात्र कधी 'पुणे', तर कधी 'अंबाजोगाई'. लांब नाव बसवताना जाणता पेंटर रेघा बारीक करत नाही, अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा कमी करतो. 'ज'चं पोट आवळतो, काना अक्षराला चिकटवून घेतो, 'ई'ची वळणं उभट करतो. कान्याची जाडी तीच राहते, म्हणून नाव लांबूनही वाचता येतं. आपण कॉम्प्युटरवर काय करतो? अक्षर आडवं दाबून 70 टक्के करतो. त्याने उभ्या रेघा 30 टक्क्यांनी बारीक होतात, शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते आणि शब्द छपराखाली दबल्यासारखा दिसतो. पाच-सात टक्के दाबलेलं खपून जातं, त्यापुढे नाही. त्याऐवजी रुंदी बदलता येणारा फॉन्ट घ्यावा. फॉन्ट बनवणाऱ्या 'एक टाइप' या संस्थेचा 'अनेक देवनागरी' मोफत आहे. त्यात रुंदी 75 ते 125 आणि जाडी 100 ते 800 अशी हवी तशी सरकवता येते, आणि रेघांचा तोल फॉन्टच सांभाळतो.

फोटो काढताना पाटीच्या बरोबर समोर उभं राहावं, दोन पावलं मागे जावं आणि दुप्पट झूम करावा. जवळून वाइड लेन्सने काढलं की कडेची अक्षरं ताणली जातात आणि मापं चुकतात. ऑइलपेंट दुपारच्या उन्हात चमकतो, त्यामुळे सकाळ किंवा ढगाळ दिवस बरा. काडेपेटी किंवा उदबत्तीच्या पुड्यासारखी छोटी वस्तू असेल तर शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास 27 मिलिमीटर, म्हणजे माप आपोआप मिळतं. दुकानदाराला विचारूनच फोटो काढा. बहुतेक जण खूश होतात, शिवाय बोर्ड कुणी रंगवला तेही सांगतात.

घरी आल्यावर फोटो सरळ करून 30-40 टक्के फिका करायचा, लेयर लॉक करायचा आणि वर पेन टूलने अक्षर गिरवायचं. आधी कान्याची जाडी मोजा. ती जाडी हेच आपलं एकक. शिरोरेषा कान्याच्या किती पट, अक्षराची उंची किती पट, वेलांटी शिरोरेषेच्या वर किती जाते, हे त्याच एककात लिहून ठेवा. उंची कान्याच्या चारपटीच्या आत असेल तर अक्षर चांगलंच ठळक समजावं. शिरोरेषा आणि काना मोजून तंतोतंत सारखे ठेवले तर शिरोरेषा जाड भासते, कारण आडवी रेघ डोळ्याला नेहमीच जाड वाटते. मुरलेला पेंटर ती नकळत किंचित बारीक ओढतो. आणखी एक गोष्ट गिरवतानाच कळते. देवनागरीचा बोरू रोमनच्या निबेपेक्षा उलट्या बाजूला तिरका कापतात, त्यामुळे जाड-बारीकही उलट जागी पडतं. इंग्रजी कॅलिग्राफीची निब तशीच धरून 'क' काढला की तो परका दिसतो, त्याचं कारण हेच.

नाटकांच्या जाहिरातींसाठी एक सोपा सराव आहे: नटांचे फोटो अंगठ्याने झाका आणि फक्त नावाच्या अक्षरांवरून नाटक फार्स आहे की गंभीर, ते ओळखा. कमल शेडगे यांनी शेकडो नाटकांची नावं रेखाटली. त्यांच्या कामावर हा सराव केला की शिरोरेषा कुठे तोडायची आणि कुठल्या अक्षराची शेपटी ओढायची याची नजर येते. भिंतीवरचं कालनिर्णयही (1973 पासून) तसंच अभ्यासावं. तारखेचा आकडा ओट्यापाशी उभं राहून वाचता येतो, तिथी वाचायला मात्र जवळ जावं लागतं. एका चौकोनात किती अंतरांवरून वाचायची माहिती बसवली आहे ते बघा. पोस्टरमध्ये हेच करायचं असतं.

आता हे सगळं फाइलमध्ये उतरवताना कुठे अडतं ते. पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारी सेटिंग) निवडला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. ओळींमधलं आपोआप येणारं 120 टक्के अंतर इंग्रजीला पुरतं, मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. 145-150 टक्क्यांपासून सुरुवात करा. वरच्या ओळीत 'ट्ठू' आणि त्याखाली 'र्कीं' टाइप करून तपासलं की खात्री होते. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, शिरोरेषेला भेगा पडतात. 'दऱ्या' हवं असताना 'दर्या' येतं, तेव्हा नुक्त्याचा 'ऱ' घेऊन पाय मोडावा. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडून पाहा, नाहीतर ग्लिफ्स म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या अक्षररूपांच्या यादीतून मराठी रूप उचला. 2009 च्या शासन निर्णयातही पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हीच मराठीची रूपं धरली आहेत. ग्राहक क्वचितच बोट ठेवतो, पण पाटी परकी वाटते ती यामुळेच.

फ्लेक्सवाल्याकडे फाइल नेताना अक्षरं कर्व्ह करा (म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचे आकार बनवा), मग शब्दनिहाय वेल्ड करून एकसंध जोडा आणि त्यानंतरच आउटलाइन, म्हणजे कडेची पांढरी रेघ, द्या. वेल्ड विसरलं की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर पांढरी उभी रेघ उमटते, आणि गणपतीत चौकाचौकांत ती दिसतेच. केशरी रंगात छपाईची निळी शाई (सायन) शून्य ठेवा. दोन-तीन टक्के शिरली तरी भगवा मळकट होतो. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी छापून मिळत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगून वीतभर तुकडा छापून दाखवा. आणि टाइप केलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, कारण मंडळाच्या फ्लेक्सवरची कार्यकर्त्यांची नावं आणि त्यांचा क्रम छापायला टाकायच्या रात्री बदलतातच.