आमची वाटचाल: दोन फ्लोट आणि एक हातपंप

आज आमच्याकडे पाण्यावर उतरणारी दोन विमानं आहेत, चाकांच्या जागी दोन फ्लोट, म्हणजे होडीसारखे पोकळ तरंगे असलेली. आधी एकच होतं, आणि मधे चार महिने एकही नव्हतं. त्या चार महिन्यांबद्दल तळ्यावर सगळे बोलले, आता मी बोलतो.

त्या दिवशी वारा वीस नॉट (ताशी सुमारे सदतीस किलोमीटर), मधूनच येणारे झोत तीसचे. दीडपट वारा म्हणजे सव्वादोनपट जोर, हे धंद्यातल्यांना सांगायला नको. उड्डाण आम्ही सकाळीच रद्द केलं होतं. विमान फक्त धक्क्यावरून काढून आडोशाच्या बॉयाला, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणेला, बांधायचं होतं. भागीदार वारा पाठीशी घेऊन बॉयापर्यंत गेला आणि नाक वाऱ्याकडे वळवू लागला. वेग अंमळ जास्त होता. अशा वळणात विमान आपणहून वाऱ्याकडे धावतं, वळण आवळत जातं, आणि वळणाचा रेटा व वारा दोघं मिळून बाहेरचा फ्लोट दाबतात. फ्लोटचं नाक बुडालं, त्याच क्षणी आलेल्या झोताने दुसरा पंख उचलला. खेळ खलास.

इंजिन बंद करून, वॉटर रडर (पाण्यातलं सुकाणू) वर घेऊन, शेपटीकडून वाऱ्याबरोबर मागे सरकत गेला असता तर? हे मी त्याला कधी विचारलं नाही. तो बाहेर आला, कारण उलटं लटकत असताना आधी दाराची कड धरली आणि मगच पट्टा सोडला. तुम्हीही तसंच करा. आणि लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवा, आत नाही.

विमान ओढायला पलीकडचे आमचे प्रतिस्पर्धी बोट घेऊन आले. बिल पाठवलं, ठीक. पण पोट आभाळाकडे केलेल्या आमच्या विमानाचा फोटो त्यांच्या ऑफिसात अजून टांगलेला आहे. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगतात, ‘त्यांना वारा झेपत नाही.’ त्यांचं इंजिन मोठं, मान्य. फ्लोट मात्र आमच्याच मापाचे, आणि पाण्यावर ब्रेक त्यांनाही नाहीत.

त्या चार महिन्यांत पाण्याची पातळी मोजणाऱ्या एका सर्वेक्षक बाईंनी पुढच्या हंगामाचे पैसे आगाऊ दिले. त्यावर बुडालेलं इंजिन उघडून दुरुस्त झालं. तीनदा फेरी रद्द केली तरी त्या पलीकडे गेल्या नाहीत. आता तर धक्क्यावर उभ्या राहून पाण्यावर सरकणारे काळे पट्टे बघतात आणि स्वतःच म्हणतात, ‘आज झोत आहेत, उद्या येते.’

पुढची वर्षं ठीक गेली, दुसरं विमान आलं.

भागीदाराने मात्र धंदा सोडला. त्याचा हातपंप शेडमध्ये खिळ्याला आहे. दांडा झिजून गुळगुळीत झालाय. फ्लोट आतून कप्प्याकप्प्यांचे असतात; रोज सकाळी प्रत्येक कप्प्यातलं पाणी उपसायला पंपाचे किती झटके लागले ते मोजून वहीत लिहायची सवय त्याचीच. नव्या पोरांना सांगून थकलो: वाऱ्यात बांधलेल्या विमानावर लाटा रात्रभर आपटतात, फ्लोटच्या पत्र्याची शिवण ढिली होते, आणि मागच्या कप्प्यात पाणी साचलं की शेपूट जड होते. नुसतं डोळ्याने बघून कळत नाही. मोजा.

गेल्या हंगामात तो सहज आला. काही न बोलता पंप काढला, जुन्या विमानाच्या डाव्या फ्लोटवर बसला, झटके मोजले.

‘चौथा कप्पा अजून गळतोय,’ म्हणाला.

वहीत नऊ लिहिले होते. त्याने अकरा काढले.