आमची वाटचाल : ऑडिटचा अहवाल हातात पडल्यानंतर

सहकार क्षेत्राला 'दोष दुरुस्ती अहवाल' हा शब्द नवा नाही. हिशेबतपासणीत निघालेले दोष कसे दूर केले, हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८२ खाली कळवावं लागतं, आणि जुन्या लिपिकाला त्याची सवय असते. संगणक सुरक्षेच्या ऑडिटचं मात्र तसं होत नाही. तीनशे पानांची पीडीएफ आयटी अधिकाऱ्याकडे येते, तिथून व्हेंडरकडे जाते आणि पुढच्या वर्षी ये रे माझ्या मागल्या, त्याच ओळी परत. संगणक सुरक्षेच्या एका ऑडिटपासून पुढच्या ऑडिटपर्यंतचं दुरुस्तीचं काम हा आज आमचा मुख्य व्यवसाय आहे.

सुरुवात बँकांच्या शाखांमधल्या संगणकांच्या एएमसीपासून, म्हणजे वार्षिक देखभाल करारापासून, झाली. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घातली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने तिचे चार स्तर केले. त्यानंतर ग्राहक बँकांकडून ऑडिट पॉइंटच्या याद्या आमच्याकडे येऊ लागल्या. एक गोष्ट तेव्हाच ठरवली: ऑडिट आम्ही करत नाही. ते सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेच्या पॅनेलवरची वेगळी संस्था करते. स्वतः केलेल्या दुरुस्तीला स्वतःच पास म्हणण्यात अर्थ नसतो.

अहवाल आला की आम्ही दोषांच्या पानाकडे लगेच जात नाही. आधी व्याप्तीचं पान. तपासलेली मशीन किती, आणि बँकेच्या मालमत्ता नोंदवहीत किती? दोन आकडे जुळले नाहीत तर पुढे जायचं नाही. मग स्कॅन लॉगिन घेऊन झालं की बाहेरूनच, हे पाहायचं. नेसस या स्कॅनरच्या अहवालात १९५०६ क्रमांकाच्या प्लगइनखाली (प्लगइन म्हणजे एक तपासणी) 'क्रेडेन्शियल्ड चेक्स', म्हणजे लॉगिन घेऊन तपासणी, अशी ओळ असते. तिथे 'नो' असेल तर त्या मशीनवर पॅचची आतून तपासणी झालेलीच नाही. म्हणून आमच्याकडचा नियम असा की अहवालात सर्वांत स्वच्छ दिसणारं मशीन आधी तपासायचं. बहुतेक वेळा तिथे लॉगिनच फसलेलं असतं. विंडोजवर याची नेहमीची कारणं तीन: रिमोट रजिस्ट्री सेवा बंद असणं, ४४५ पोर्ट फायरवॉलने अडवणं, आणि डोमेनच्या (सगळ्या मशीनच्या एकत्रित नियंत्रणाच्या) खात्याऐवजी लोकल ॲडमिन खातं वापरल्यामुळे यूएसी या विंडोजच्या संरक्षणाने त्याचे अधिकार छाटणं. लिनक्सवर एकच मुख्य कारण, स्कॅनच्या खात्याला सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, नसतं किंवा सुडो पासवर्ड मागत बसतं.

दुसरी फसगत टक्केवारीची. मशीनच्या सेटिंग नियमांशी ताडून पाहणारी ओपनस्कॅपसारखी साधनं ज्या एक्ससीसीडीएफ नावाच्या ठरलेल्या नमुन्यात निकाल देतात, त्यात निकालाचे नऊ प्रकार आहेत. पास आणि फेल सगळ्यांना कळतात. पण 'नॉटचेक्ड' म्हणजे साधनाने तपासलंच नाही, ते हाताने तपासायचं आहे. आणि 'एरर' म्हणजे तपासणी मध्येच कोलमडली. हे दोन्ही पासच्या बाजूला ढकलले की आकडा छान दिसतो. आम्ही दोन्ही उघडे पॉइंट धरतो.

मग दोषांची नोंदवही. साधी एक्सेल चालते, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, पण एक खबरदारी हवी: नियमाच्या क्रमांकाचा स्तंभ आयात करतानाच टेक्स्ट ठेवायचा. नाहीतर ५.१० चं ५.१ होतं आणि दोन वेगळे नियम एकमेकांत मिसळतात. तसंही क्रमांकावर विसंबू नये. सीआयएस बेंचमार्कची, म्हणजे सुरक्षित सेटिंगच्या प्रमाण यादीची, नवी आवृत्ती आली की क्रमांक सरकतात. आम्ही मशीनचं नाव आणि नियमाची अंतर्गत ओळख, जी एसएसजी या ओपनस्कॅपच्या तयार नियमसंचाच्या निकालात लांबलचक शब्दांत येते, या दोघांची जोडी धरतो. दोन अहवालांची तुलना या जोडीवरच नीट होते.

१२ सर्व्हर आणि प्रत्येकी ४० फेल म्हणजे ४८० ओळी. घाबरवणारा आकडा, पण मूळ कारणांनुसार गट पाडले की पन्नासेक कामं उरतात, कारण एका ग्रुप पॉलिसीने (विंडोज मशीनना एकदम सेटिंग लावण्याच्या सोयीने) बाराही मशीनवरची ओळ मिटते. गट कारणावर करायचे, बंद मात्र मशीनगणिक करायचं. 'पॉलिसी लावली' म्हणून बाराच्या बारा ओळी एकदम बंद केल्या की डोमेनमधून निसटलेलं एखादं मशीन तसंच राहून जातं.

खरा वेळ जातो तो ओळ खरी आहे की नाही हे ठरवण्यात. रेड हॅट आणि तिच्या कुळातल्या लिनक्समध्ये सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवली जाते, वरचा आकडा बदलत नाही. बाहेरून बॅनर, म्हणजे सेवेने सांगितलेली आवृत्ती, वाचणारा स्कॅनर ओपनएसएसएच (दूरवरून लॉगिन करण्याची सेवा) जुनं आहे म्हणून शंख करतो. अशा वेळी आरपीएम पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, त्या दोषाचा सीव्हीई हा जागतिक क्रमांक शोधायचा आणि सापडलेली ओळ पुरावा म्हणून जोडायची. उलट प्रकारही असतो: पॅच लागलाय, तरी दोष खरा. कर्नल अद्ययावत झालं पण मशीन रीबूट झालं नाही, म्हणजे चालू असलेलं कर्नल जुनंच. विंडोजवरचं ठरलेलं उदाहरण म्हणजे सीव्हीई-२०१३-३९००, फाईलवरच्या डिजिटल सहीच्या तपासणीतला दोष. त्यात पॅच पुरत नाही, रजिस्ट्रीत सर्टिफिकेट पॅडिंग तपासण्याची नोंद स्वतः घालावी लागते, आणि ६४ बिट मशीनवर ती दोन ठिकाणी, एक नेहमीच्या शाखेत आणि एक वॉव६४३२नोडखाली. बहुतेक जण एकीकडेच घालतात आणि पुढच्या स्कॅनमध्ये दोष तसाच दिसतो म्हणून स्कॅनरला दोष देतात.

फाईलमध्ये लिहिलंय ते आणि प्रत्यक्ष लागू आहे ते वेगळं असू शकतं. एसएसएचच्या सर्व्हरमध्ये एखाद्या पर्यायाची पहिली सापडलेली किंमत चालते, शेवटची नाही. उबंटूच्या क्लाउड मशीनवर मुख्य फाईलमध्ये तुम्ही पासवर्ड लॉगिन बंद केलं तरी ५० ने सुरू होणारी क्लाउड-इनिटची (मशीन पहिल्यांदा उभं करणाऱ्या प्रोग्रामची) छोटी फाईल आधी वाचली जाते, आणि तिच्यात 'यस' लिहिलेलं असलं की तेच चालतं. उपाय: आपली फाईल ०१ ने सुरू करायची आणि पुरावा म्हणून फाईलचा नव्हे, एसएसएचडी कमांडला मोठ्या टीचा पर्याय देऊन आलेला निकाल जोडायचा. विंडोजवर हाच घोळ पासवर्ड पॉलिसीत होतो. ती ओयूला, म्हणजे डोमेनमधल्या एखाद्या गटाला, जोडलेल्या पॉलिसीत लिहिली तर त्या ओयूतल्या मशीनच्या लोकल खात्यांनाच लागते; डोमेनच्या खात्यांसाठी ती डोमेनच्या पातळीवरच जोडावी लागते.

दुरुस्तीचा क्रम लावताना सीव्हीएसएसचा, म्हणजे दोषाच्या तीव्रतेचा दहापैकी, आकडा आम्ही दुसऱ्या नंबरवर ठेवतो. इंटरनेटवर उघडं असलेलं, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असलेलं, किंवा अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 'प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या' यादीतलं जे असेल ते आधी. आतल्या नेटवर्कमधल्या प्रिंटरचं ७.५ त्यानंतर.

दुरुस्तीने काय मोडतं, याची वही आम्ही वेगळी ठेवतो. धंद्यात तीच सर्वांत कामाला येते. टेम्प फोल्डरवर 'नोएक्झेक' (इथून प्रोग्राम चालवायचा नाही, अशी अट) लावलं की काही जावा प्रोग्राम सुरूच होत नाहीत, कारण ते आपली लायब्ररी तिथे उलगडून चालवतात. त्यांना जावाचं टेम्प फोल्डर वेगळं नेमून द्यायचं. एसएसएचवर लॉगिनचे प्रयत्न चारवर आणले की ज्याच्या एजंटमध्ये (लॉगिनच्या डिजिटल किल्ल्या ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सहा-सात किल्ल्या आहेत त्या माणसाला पासवर्ड न चुकताही बाहेर काढलं जातं, कारण प्रत्येक किल्ली एक प्रयत्न धरली जाते. एसएमबी या फाईल शेअरिंगच्या पद्धतीची पहिली आवृत्ती बंद केली की जुन्या मल्टिफंक्शन प्रिंटरचं 'फोल्डरमध्ये स्कॅन' बंद पडतं आणि कर्ज विभाग फोनवर येतो. यूएसबी सरसकट बंद करू नका, फक्त स्टोरेज वर्ग बंद करा. नाहीतर डिजिटल सहीचं टोकन आणि पासबुक प्रिंटर दोन्ही थांबतात. एसएसएचची फाईल बदलताना दुसरं सत्र उघडं ठेवायचं, छोट्या टीने व्याकरण तपासायचं, मगच सेवा पुन्हा सुरू करायची. आधी एक चाचणी मशीन, दोन-तीन दिवसांनी एक शाखा, मग बाकीच्या. २० मार्च ते १० एप्रिल आम्ही कशालाच हात लावत नाही. मार्चअखेर ही बँकेत धर्मासारखी पाळली जाते आणि ते बरोबरच आहे.

जे दुरुस्त होत नाही त्याला अपवाद लिहावा लागतो. त्यात कारण, पर्यायी उपाय, मंजुरी देणाऱ्याचं पद आणि मुदत. मंजुरी आमची नाही, आयटी अधिकाऱ्याचीही नाही. नुकसान झालं तर उत्तर ज्याला द्यावं लागेल त्याची. मुदत सहा महिन्यांपलीकडे नाही. 'व्हेंडर नाही म्हणतो' हे कारण व्हेंडरच्या लेखी मेलशिवाय आम्ही धरत नाही. मेल मागितला की अर्ध्या वेळा दुरुस्ती शक्य असल्याचं निघतं. ओपनस्कॅपमध्ये टेलरिंग फाईल करून नियमच वगळता येतो, पण आम्ही तसं करत नाही. ओळ फेल दिसू दे, नोंदवहीत तिच्यासमोर अपवाद असू दे. वगळलेला नियम सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

पुराव्याबद्दल थोडकं. स्क्रीनशॉटपेक्षा कमांडचा मजकूर बरा, त्यात मशीनचं नाव, तारीख आणि वापरकर्ता आला पाहिजे, आणि फाईलचा शा-२५६ (फाईल बदलली का हे कळवणारा डिजिटल ठसा) नोंदवहीत. फायरवॉलची कॉन्फिग जोडताना एसएनएमपीचा कम्युनिटी शब्द (उपकरणावर नजर ठेवण्यासाठीचा, पासवर्डसारखाच) आणि पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांची सांकेतिक रूपं, झाकायचे. अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्यांना काय सांगावं! चोराला घराचा नकाशा आणि कोणती कडी ढिली आहे याची यादी एकत्र मिळते.

लॉगचा, म्हणजे मशीनवरच्या घडामोडींच्या नोंदींचा, पॉइंट जवळपास प्रत्येक अहवालात असतो. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आणि घटना सहा तासांत कळवायची. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मूळ मापाने २० एमबीचा. सीआयएस तो १,९६,६०८ केबी करायला सांगतं. तेवढा केला तरी गजबजलेल्या सर्व्हरवर तो काही दिवसांतच भरतो आणि जुनं पुसलं जातं. म्हणजे मशीनवरची सेटिंग बदलून पॉइंट मिटत नाही. लॉग दुसऱ्या सर्व्हरवर ओढावे लागतात आणि १८१ व्या दिवशी पहिल्या दिवसाचा लॉग उघडून दाखवता आला पाहिजे.

पॉइंट बंद करण्यापूर्वीचं स्कॅन त्याच प्रोफाइलवर (नियमांच्या त्याच संचावर), त्याच आवृत्तीवर. विंडोजची पॉलिसी लावल्या लावल्या स्कॅन करू नका. ती ९० मिनिटांनी आणि वर अर्ध्या तासापर्यंतच्या फरकाने पोचते. नव्या आवृत्तीचं स्कॅन वेगळं करायचं, त्यातले नवे नियम 'नवीन' म्हणून लिहायचे. पूर्वी बंद झालेली ओळ पुन्हा उघडली तर तिला स्वतंत्र रंग. अशा ओळीमागे बहुधा जुन्या टेम्प्लेटवरून उभं केलेलं नवं मशीन असतं, म्हणून दुरुस्ती टेम्प्लेटमध्येही करायची. दर आठवड्याचं ओपनस्कॅप आम्ही क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालण्यासाठी, टाकतो. ते २ हा कोड देऊन संपलं तर स्क्रिप्ट बिघडली असं नव्हे, एक तरी नियम फेल किंवा 'अननोन' आहे असा त्याचा अर्थ. १ आला तर मात्र तपासणीच झालेली नाही.

संचालक मंडळापुढे जाणाऱ्या पानावर आम्ही टक्केवारी छापत नाही. उघडे किती, त्यातले ९० दिवसांहून जुने किती, मुदत संपलेले अपवाद किती आणि पुन्हा उघडलेले किती, एवढे चार आकडे, आणि प्रत्येक जुन्या ओळीसमोर जबाबदार माणसाचं पद.