तुम्ही विचारलंत म्हणून: मी ‘गळती नाही’ असं का लिहून देत नाही

वीजकेंद्रातल्या गॅस टर्बाइनच्या इंधन लाइनी गळतात का, हे तपासून रिपोर्ट देणं माझं काम. दुरुस्तीसाठी मशीन बंद ठेवतात त्या शटडाउनच्या शेवटच्या दिवशी हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा कधी मेंटेनन्स मॅनेजर असतो, कधी कंत्राटदार, कधी माझ्याच हाताखाली तयार झालेला एखादा मुलगा. “सर, टेस्ट झाली, काही सापडलं नाही. मग रिपोर्टवर सरळ ‘गळती नाही’ लिहा की. ‘अमुक दाबाला, अमुक तापमानाला, अमुक पद्धतीने तपासलं असता गळती आढळली नाही’ एवढं लांबण कशाला?” वडोदऱ्यात आमच्या दांडिया बाजारातही आता हा प्रश्न पोचला आहे. त्या एका रात्रीचा विषय तिथे अजून निघतो आणि निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. म्हणून एकदाच नीट लिहितो.

‘गळती नाही’ हे मोजमाप नव्हे. कुठलंही उपकरण एवढंच सांगतं की माझ्या पकडीत येईल असं काही आलं नाही. साबणाच्या पाण्याची पकड वेगळी, गॅस डिटेक्टरची वेगळी, हेलियम मिसळून केलेल्या तपासणीची तर कितीतरी बारीक. जिथे इन्सुलेशन उघडलं नाही, जिथे हात पोचला नाही, तिथलं मी काय सांगणार? शिवाय मी तपासतो ते थंड, उभं मशीन. ते लोडवर आलं, म्हणजे वीज द्यायला लागलं, की कंपार्टमेंट, म्हणजे त्याच्याभोवतीचा बंद कप्पा, तापतो, पाइप वाढतात, बर्नरकडे जाणाऱ्या लवचिक होज सतत थरथरत राहतात. थंड असताना गप्प बसलेला जोड तेव्हा बोलायला लागतो. आजकाल गॅसच्या भावामुळे आणि ग्रिडच्या मागणीमुळे ही मशीन्स पुन्हा पुन्हा चालू-बंद होतात. प्रत्येक वेळी तापणं आणि निवणं आलं, आणि बोल्टांची पकड ढिली व्हायला तेवढं पुरतं.

आणि गळती एकाच जातीची नसते. बाहेर येणारी गळती निदान डिटेक्टरला सापडते. आतल्या आत व्हॉल्व्ह ‘पास’ होतो, त्याची मला जास्त भीती वाटते. मशीन बंद आहे, गॅस तोडणारा स्टॉप व्हॉल्व्ह बंद दिसतोय, आणि सीटवरून थोडा थोडा गॅस पुढे सरकतोय. तो कंबश्चन चेंबरमध्ये आणि तिथून एग्झॉस्टमध्ये साठतो, आणि पुढच्या स्टार्टला ठिणगी त्याचीच वाट बघत असते. म्हणून तर इग्निशनच्या आधी मशीन नुसतं फिरवून आतली हवा पुरती बदलून घेतात. म्हणूनच बऱ्याच मशीन्सची कंट्रोल सिस्टिम दोन व्हॉल्व्हच्या मधली जागा स्वतः तपासते. आधी ती जागा रिकामी करून बघते की दाब चढतोय का. चढला तर मागचा व्हॉल्व्ह पास होतोय. मग तिथे दाब भरून बघते की तो उतरतोय का. उतरला तर पुढचा व्हॉल्व्ह किंवा गॅस बाहेर सोडणारा व्हेंट गळतोय. ही टेस्ट फेल झाली की ‘सेन्सरचा प्रॉब्लेम असेल’ म्हणणारा माणूस मला प्रत्येक कंट्रोल रूममध्ये भेटला आहे.

घरची माणसं म्हणतात, एवढं काय, गॅस गळला तर वास येतोच. वडोदऱ्यात १९७२ पासून पाइपने गॅस येतो, त्यामुळे आपल्या शहराला त्या वासाची चांगली ओळख आहे. पण हा गॅस मुख्यतः मिथेन, आणि मिथेनला स्वतःचा वास नसतो. घरगुती गॅसला तो मुद्दाम घातलेला असतो. मोठ्या वाहिनीतून टर्बाइनकडे येणाऱ्या गॅसला बहुतेकदा तो घातलेला नसतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की तो पेट घेऊ शकतो, आणि तिथे उभ्या माणसाच्या नाकाला काहीही कळत नाही. मिथेन हलका, वर जातो, म्हणून डिटेक्टर छताशी लावायचे. नाफ्त्यावर, म्हणजे पेट्रोलसारख्या पातळ इंधनावर, चालणाऱ्या मशीनला हेच उलट, त्याची वाफ जड, जमिनीलगत आणि केबलच्या खंदकात साचते. नाकावर विसंबून हे काम होत नाही.

टेस्टसाठी आम्ही लाइनमध्ये न पेटणारा नायट्रोजन दाबाने भरतो. त्यावर आणखी एक सूचना मला दर वर्षी कुणीतरी करतं, नायट्रोजनचा खर्च कशाला, लाइनमध्ये गॅस आहेच, त्यानेच बघून घ्या. यावर माझं उत्तर एकच. ७ फेब्रुवारी २०१० ला अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउनमध्ये, क्लीन एनर्जीच्या नव्या वीजकेंद्रात, इंधनाची लाइन साफ करण्यासाठी नैसर्गिक वायूच जोरात सोडला होता. स्फोट झाला, ६ माणसं गेली. ती लाइन टर्बाइनला गॅस पुरवण्यासाठीच होती. काम साफसफाईचं होतं, टेस्टिंगचं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण ‘लाइनमध्ये गॅस आहेच’ हा विचार तोच. नायट्रोजनही निरुपद्रवी नाही. बंद जागेत तो माणसाला न कळता गुदमरवतो, म्हणून ऑक्सिजन मीटर खिशाला लावल्याशिवाय मी कुणाला कंपार्टमेंटमध्ये जाऊ देत नाही.

आता ती रात्र. प्लांट कुठला ते सांगणार नाही, वडोदऱ्यापासून गाडीने जाऊन-येऊन करता येईल असा होता, एवढं पुरे. फिल्टरपासून स्टॉप व्हॉल्व्हपर्यंतची गॅस लाइन नायट्रोजनने २० बारला भरली होती. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्या जागी ब्लाइंड फ्लँज, म्हणजे पाइपाचं तोंड बंद करणारी बोल्टांनी आवळलेली भरीव चकती, बसवला होता. त्यांच्या कागदावर निकष एका ओळीचा: चार तास दाब टिकला की पास. सकाळी सातला आम्ही गेजचा आकडा टिपला, २०. अकराला पुन्हा टिपला, २०. मॅनेजर खुशीत आले. “साहेब, कांटो हल्यो ज नथी. सही करी आपो ने.”

मी म्हटलं, काटा हलला नाही, म्हणूनच सही करत नाही.

यावर ते चिडले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. पण हिशोब साधा आहे. सकाळी सातला पाइपला लावलेला थर्मामीटर २४ अंश दाखवत होता, अकराला ३६. बंद पाइपातला वायू तापला की दाब वाढलाच पाहिजे. वातावरणाचा दाब धरून २१ बार, त्याला ३०९ भागिले २९७ ने (दोन्ही तापमानांत २७३ मिळवून आलेले आकडे) गुणलं की पावणेबावीसच्या थोडं पुढे जातं. म्हणजे गेजवर २०.८ च्या आसपास दिसायला हवं होतं. दिसत होते २०. मग मधला वायू गेला कुठे? उन्हाने जेवढा दाब चढवला, तेवढाच कुठून तरी निसटत होता, आणि दोन्ही मिळून काटा जागच्या जागी. आपल्याकडे मार्चनंतर सकाळची टेस्ट ही अशी फसवते. संध्याकाळची उलटी फसवते, लाइन चांगली असून दाब उतरतो आणि लोक रात्रभर नसलेली गळती शोधत बसतात.

मॅनेजरांचा प्रतिवाद पोकळ नव्हता, हेही लिहायला हवं. थर्मामीटर उन्हातल्या पाइपवर आहे, अर्धी लाइन शेडखाली आहे, तिचं तापमान एवढं चढलेलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. बरोबर होतं. त्यामुळे माझ्या हिशोबातला फरक निम्मा झाला असता. शून्य झाला नसता. पण ‘निम्मा’ हा माझा अंदाज होता आणि ‘काटा हलला नाही’ हे त्यांच्या कागदावरचं वाक्य होतं. ग्रिडला वेळ कळवलेली, वरून फोन येत होते. साबण आधीच मारून झाला होता, पण तापलेल्या लोखंडावर, वाऱ्यात, तो कितीसा टिकणार? मी म्हटलं, रात्री लाइन सगळीकडे सारखी निवू दे, मग बघू. तेव्हापासून दिवसभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. चहा मात्र वेळेवर येत राहिला.

रात्री एकनंतर दोन्ही टोकांचं तापमान जुळलं. पुढच्या दोन तासांत ते जेमतेम एक अंश उतरलं, दाब मात्र पाव बार गेला. तापमानाने त्यातले फार तर सात-आठ शतांश खाल्ले असतील. गळती होती.

माझ्याबरोबर आमच्याच भागातले एक फिटर होते, वयाने मोठे, सगळे त्यांना मामाच म्हणत. शोधायचं काम त्यांनी आणि मी वाटून घेतलं. फ्लँजामागून फ्लँज, वरून साबण, खालून आरसा आणि बॅटरी. ब्लाइंडच्या शिडीवर मामाच चढले होते. “साहेब, इथे बघा,” म्हणाले. मी वर गेलो. फ्लँजच्या पोटाशी, दोन बोल्टांच्या मधल्या फटीत, मोठे फुगे नव्हतेच. साबूदाण्यासारखा बारीक पांढरा फेस होता. पुसला की क्षणभर काही नाही, मग परत एक एक दाणा बाहेर येऊन शेजारच्याला चिकटायचा. आवाज नाही, वारा नाही. हाताला काही लागत नव्हतं.

खालून ओरडा आला, “कसून टाका ना!” मामांनी पानाही उचलला. मी त्यांचा हात धरला. वायूच्या दाबाखाली असलेला फ्लँज आवळत नाहीत. बोल्ट तुटला तर आत कोंडलेला सगळा दाब समोरच्या माणसावर येतो. आधी नायट्रोजन सोडला, मग उघडलं. दोन फ्लँजांच्या मधली सीलची चकती, म्हणजे गॅस्केट, स्पायरल वाउंड (धातूच्या पट्टीचे वेढे आणि मध्ये ग्रॅफाइट) होती, एकदा वापरून झालेली. वेढे दाबून सपाट झालेले, कडेला ग्रॅफाइटचे पापुद्रे, जुन्या बैठकीचा वळ स्पष्ट दिसत होता. ही गॅस्केट एकदा दबली की पुन्हा बसत नाही, हे त्या शिडीखालच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नवी बसवली, लाइन भरली, दुसऱ्या दिवशी तापमानासकट हिशोब जुळला. मशीन एक दिवस उशिरा ग्रिडला लागलं.

म्हणजे बघा, खरी लाइन घट्टच होती. गळत होता तो तात्पुरता ब्लाइंड, जो टेस्टनंतर निघणारच होता. मॅनेजरांनी हे मला तेव्हाच ऐकवलं आणि आजही लोक ऐकवतात. त्या सकाळी सही केली असती तर काय बिघडलं असतं? काहीही नाही. हे मी कबूल करतो. पण ते मला कळलं पहाटे, फ्लँज उघडल्यावर. सकाळी अकराला ना मला माहीत होतं ना त्यांना, की निसटणारा वायू ब्लाइंडमधून जातोय की स्टॉप व्हॉल्व्हच्या फ्लँजमधून. नंतर कळलेल्या गोष्टीवरून आधीच्या सहीचा न्याय कसा करायचा?

इथपर्यंत मी ठाम आहे. पुढचं अवघड आहे.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: ‘गळतीचं ठिकाण तात्पुरता ब्लाइंड; कारण, आधी वापरलेली गॅस्केट.’ नाव कुणाचंही नाही. पण ब्लाइंड कुणी बसवला हे जॉब कार्डवर होतंच. कंत्राटदाराला दिवसाच्या उशिराचा जाब कुणाला तरी विचारायचा होता. त्याने मामांचा गेट पास काढून घेतला. त्यानंतर त्या प्लांटमध्ये ते कधी आले नाहीत.

पुढे एका मुंजीत ते भेटले. मी विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही लिहिलंत ते खरंच होतं. पण स्टोअरने नवी गॅस्केट दिली नाही, आहे त्याच्यावर भागवा म्हणाले, हेही खरंच होतं की.” आणि पंगतीला बसायला गेले.

यावर माझं उत्तर आहे. मी स्वतः मोजलेलं, बघितलेलं तेवढंच लिहितो. सपाट झालेली गॅस्केट मी बघितली होती. स्टोअरच्या खिडकीवर काय बोलणं झालं ते मी ऐकलं नव्हतं. ‘गळती नाही’ असं न लिहिण्यामागे जो नियम, त्याच नियमाने मी स्टोअरबद्दलही लिहू शकत नव्हतो. हे उत्तर मी स्वतःला अनेकदा दिलं आहे. तर्कात त्याला कुठे फट दिसत नाही. पण त्या पहाटे नवी गॅस्केट त्याच स्टोअरमधून दहा मिनिटांत आली, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि ती ओळ माझ्या रिपोर्टमध्ये नाही. ‘कारण विचारणं टेस्टिंगवाल्याचं काम नाही,’ असं तेव्हाचा मी म्हणतो. मग ‘कारण’ या शब्दापुढे गॅस्केट लिहिलीस ती कुणाच्या सांगण्यावरून, असं आताचा मी विचारतो. तो गप्प बसत नाही, मीही नाही.

मामांच्या मुलाने आयटीआय केलं, आता तो मकरपुऱ्याला एका कारखान्यात फिटर आहे. गेल्या दिवाळीत त्यानेही तोच प्रश्न विचारला, “काका, सरळ ‘गळती नाही’ लिहिलं असतंत तर?” त्याला मी वर लिहिलेला तापमानाचा हिशोब कागदावर करून दाखवला. त्याला तो पटला. पण त्याने विचारलं होतं ते वेगळंच होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

माझ्या फॉर्मवर आता तापमानाचे चार रकाने आहेत, दोन उन्हातले, दोन सावलीतले. आणि गॅस्केटसमोर स्टोअरच्या इश्यू स्लिपचा नंबर लिहायला एक रकाना आहे. स्लिप मिळाली नाही तर ‘मागितली, दाखवली नाही’ असं लिहितो. तेही मी स्वतः बघितलेलंच असतं. मॅनेजर लोक या रकान्यावर कुरकुर करतात, हा टेस्टिंगचा भाग नाही म्हणतात. पुढच्या शटडाउनला याच रकान्यावरून वाद होणार आहे, तसा निरोप आलाच आहे. फॉर्म मी तोच नेणार आहे.