सतरा खांदे आणि एक बरगडी

नारळी पौर्णिमा होऊन गेली तरी भाट्याच्या खाडीत बोट उतरवावी असं पाणी अजून नाही. त्यामुळे रोइंगची मुलं हॉलमध्ये अर्गोमीटर, म्हणजे वल्हवण्याचं मशीन, ओढतायत आणि बेसबॉलवाले ओल्या मैदानाच्या कडेला बॉल पुसत पुसत थ्रो करतायत. सीझनच्या तोंडावर कॉलेज मला दोन दिवस तपासणीसाठी बोलावतं. मी इथे रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट आहे आणि वर्षभरातले हे दोन दिवस मला फार प्रिय आहेत.

सुरुवात पिचरपासून, म्हणजे बेसबॉलमध्ये बॉल टाकणाऱ्यापासून. बाकावर उताणं झोपवायचं, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात. खांद्याचा पुढचा भाग तळहाताने धरून ठेवायचा, नाहीतर खांदा उचलला जातो आणि आकडा फसवतो. मग पंजा डोक्याकडे किती जातो, पायाकडे किती येतो, ते गोनिओमीटरवर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीवर, बघायचं. पहिल्याचा उजवा हात मागे ११८ अंश, पुढे ४२. डावा ९८ आणि ६१.

नुसतं ४२ आणि ६१ बघितलं तर उजवा खांदा आखडलाय असंच वाटतं. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी अशाच एका मुलाला मी रोज जोर लावून स्ट्रेचिंग दिलं आणि तीन आठवड्यांत त्याचा चांगला खांदा दुखायला लागला. आजही त्याचं वाईट वाटतं. मागच्या आणि पुढच्या आकड्याची बेरीज करायला हवी होती! इथे ती १६० आणि १५९ आहे, म्हणजे गेलेलं काहीच नाही. जन्मतः दंडाचं हाड मागे पिळलेलं असतं आणि वाढत्या वयात तो पीळ सुटत जातो. लहानपणापासून फेकणाऱ्या हातात तो कमी सुटतो. आमची ही मुलं टेनिस बॉलच्या क्रिकेटमधून आलेली, आठव्या-नवव्या वर्षापासून बाउंड्रीवरून थ्रो मारणारी. त्यांचा हात तसाच घडलाय, त्याला हात लावायचा नाही.

त्याच्यानंतरचा मुलगा मात्र वेगळा निघाला. उजवा ११५ आणि ३०, डाव्याची बेरीज १६०. इथे पंधरा अंश खरंच हरवलेत. १८.४४ मीटरवरून, म्हणजे मॅचच्या अंतरावरून, पूर्ण जोरात पिचिंग त्याचं सध्या बंद. खांद्याच्या मागच्या बाजूला हलकं स्ट्रेचिंग, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजणार.

रोइंगवाल्यांकडे मोजण्यापेक्षा विचारणं जास्त. पुढे झुकताना वाक खुब्यातून येतोय की कंबरेतून, हे बघतेच. एका बैठकीत अर्धा तासाच्या वर अर्गोमीटर ओढला की कंबर बोलायला लागते, आणि पावसाळ्यात तर तोच एक आधार. पण ही मुलं दुखणं सांगत नाहीत. घरी पहाटे जाळी ओढलेली असतात, त्यांना दुखणं म्हणजे रोजचंच.

मिरकरवाड्याची एक मुलगी. “काय नाय मॅडम, बरी हाय.” मी विचारलं, झोपेत कूस बदलताना काय होतं? ती गप्प. खोकताना? तिने डाव्या काखेखाली हात नेला. बोटाच्या एका टोकाने बरगडी चाचपली, तर एकाच ठिकाणी अंग चोरलं. पंधरा दिवसांत तिचं ओढण्याचं अंतर दुप्पट झालं होतं. जोरात सराव वाढवला की रोइंगमध्ये बरगडीला ताणाने बारीक तडा जाऊ शकतो आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे नॉर्मल आला तरी परत माझ्याकडे यायचं, असं तिच्या आईलाही फोन करून सांगितलं.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कोस्टल रोइंग पहिल्यांदाच असणार आहे. वाळूवरून धावत जाऊन बोटीत चढायचं आणि समुद्रात वल्हवत सुटायचं. कोकणातल्या पोरांनी का नाही?

“मॅडम, सिलेक्शन जवळ आलंय ओ.”

“माहितीये. आजपासून अर्गोमीटर बंद, डॉक्टरांनी हो म्हटलं तर फक्त सायकल.”

ती काही बोलली नाही. दप्तर उजव्या खांद्यावर घेतलं आणि छत्री न उघडताच निघाली. सोमवारी येते म्हणालीय.